तामान मिनी : एका राष्ट्राचें छायाचित्र

एखादा देश पाहावयाचा म्हणजे किती दिवस लागावे, या प्रश्नाचें उत्तर देशाच्या विस्ताराप्रमाणें आणि पाहणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणें बदलतें. इंडोनेशियासारख्या देशापुढें मात्र उत्साहाचेंही कांहीं चालत नाहीं. सुमारें १७,००० बेटें, पूर्वपश्चिम ५,००० किलोमीटरांहून अधिक पसारा, शेंकडों भाषा आणि तितक्याच चालीरीती, असा हा देश सबंध पाहिलेला मनुष्य खुद्द त्या देशांतही विरळाच. तथापि जाकार्ता शहराच्या पूर्व भागीं एक स्थळ असें आहे कीं, तेथें गळ्यांत कॅमेरा अडकवून सकाळीं शिरलेला प्रवासी दिवस मावळण्यापूर्वीं सुमात्रापासून पापुआपर्यंत सर्व देश टिपून बाहेर पडतो. या स्थळाचें नांव 'तामान मिनी इंडोनेशिया इंदा', म्हणजे सुंदर इंडोनेशियाचें लहानसें उद्यान.

हौशी छायाचित्रकारांचें या उद्यानावर फार प्रेम आहे. कॅमेरा घेऊन केलेल्या भटकंतीस त्या देशांत 'हंटिंग फोटो', म्हणजे छायाचित्रांची शिकार, असें म्हणण्याचा प्रघात आहे. आणि येथें तर सावज आपण होऊन पुढें येऊन उभें राहतें. पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाउ लोकांचीं, रेड्याच्या शिंगांप्रमाणें दोहों टोकांस आकाशाकडे वळलेल्या छपरांचीं घरें. सुलावेसीच्या डोंगरांतील तोराजा लोकांचीं नौकाकृति छपरांचीं निवासस्थानें आणि त्यांच्यासमोर ओळीनें उभीं असलेलीं धान्याचीं कोठारें. मधोमध चिरून दोन्हीं बाजूंस सारल्यासारखें दिसणारें बालीचें प्रवेशद्वार. जावाचा विस्तीर्ण खांबांचा सभामंडप. हीं सर्व एकमेकांपासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत. मध्यभागीं एक तलाव असून त्यांत सुमात्रा, जावा, कालिमंतान, सुलावेसी वगैरे बेटें नकाशाबरहुकूम मातीनें घडविलेलीं आहेत. आकाशपाळण्यांत बसून तारेवरून या तलावावर गेलें म्हणजे सर्व देश पायांखालीं दिसतो.

आपल्याकडे दिवाळींत अंगणामध्यें मुलें मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बुरुजांवर मावळे ठेवतात आणि सर्वांत उंच जागीं महाराजांस बसवितात. तो किल्ला पाहतांना आपणांस जी गंमत वाटते तीच या तलावावरून जातांना वाटते. मोठी वस्तु लहान झाली म्हणजे ती आपल्या आटोक्यांत आल्याचा भास होतो आणि तो भास मोठा सुखद असतो. परंतु अंगणांतला किल्ला मुलें करतात. हा किल्ला एका राज्यसत्तेनें केला. सावज इतक्या सहज हातीं लागूं लागलें म्हणजे तें येथें आणून बांधलें कोणी, असा विचार शिकाऱ्याच्या मनांत आला पाहिजे. हीं दृश्यें कोणीं मांडलीं, कोणासाठीं मांडलीं, आणि मांडतांना चौकटीबाहेर काय ठेविलें, याचा इतिहास त्या उद्यानाहूनही अधिक पाहण्यासारखा आहे.

देश मांडून दाखविण्याची ही रीत मुळांत इंडोनेशियाची नव्हे. ती डच राज्यकर्त्यांबरोबर आणि युरोपांतील महाप्रदर्शनांबरोबर आली. १८८३ सालीं आम्स्टरडाम येथें वसाहतींचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां पूर्वेकडील बेटांतून घरें आणि माणसें दोन्हीं नेऊन प्रेक्षकांपुढें ठेवण्यांत आलीं. १८८९ सालीं, आयफेल मनोरा ज्या वर्षीं उभा राहिला त्याच वर्षीं, पॅरिसच्या प्रदर्शनांत एक सबंध जावानी खेडें वसविण्यांत आलें. मंकुनगरन दरबारच्या चार तरुण नर्तकी तेथें नृत्य करीत, आणि तेथील गामेलान वाद्यवृंद ऐकून देब्युसी हा फ्रेंच संगीतकार थक्क झाला, हें संगीताच्या इतिहासांत सुप्रसिद्ध आहे. १९३१ सालीं पॅरिसजवळ व्हिन्सेन येथें भरलेल्या प्रदर्शनांत डच सरकारनें निरनिराळ्या बेटांच्या शिल्पशैली एकत्र करून एक भव्य दालन उभारलें. २८ जूनच्या रात्रीं तें जळून खाक झालें, आणि बटेव्हियाच्या संग्रहालयांतून तेथें नेलेल्या कितीएक अमोल प्राचीन वस्तु त्याबरोबर नष्ट झाल्या. दालन लगोलग पुन्हां बांधण्यांत आलें. जळालेल्या वस्तु पुन्हां कोण आणणार! हुबेहूब देखावा पुन्हां उभारतां येतो, मूळ वस्तु येत नाहीं, हा धडा त्या राखेंतून घेण्याजोगा होता.

प्रदर्शनाची जी गोष्ट तीच छायाचित्राची. जावामध्यें कॅमेरा फार लवकर पोंचला. १८४५ सालींच आडोल्फ शेफर नांवाच्या छायाचित्रकारानें बोरोबुदुरच्या शिल्पपट्टांचीं चित्रें चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यांवर घेतलीं होतीं. पुढें बटेव्हियांत युरोपीय छायाचित्रकारांच्या पेढ्या निघाल्या आणि 'जावाचा शिपाई', 'जावाची नर्तकी', 'जावाचा फेरीवाला' अशा नमुन्यांचीं चित्रें युरोपांत खपूं लागलीं. त्या चित्रांतील माणसांस नांवें नसत. ती माणसें नव्हेत, मासले असत.

या धंद्यांत एका जावानी गृहस्थानें पाऊल टाकलें, तें मात्र निराळ्या वाटेनें. त्याचें नांव कासियान सेफास. १८४५ सालीं योग्यकार्ता येथें जन्मलेला हा मनुष्य सुलतान सातवा हामंकुबुवोनो याच्या दरबारचा छायाचित्रकार झाला. प्रंबानन येथील मंदिरांवर कोरलेल्या रामायणाचीं चित्रें त्यानें घेतलीं. परंतु त्याच्या हातून झालेलें सर्वांत मोठें कार्य बोरोबुदुरचें होय. १८८५ सालीं असें आढळून आलें कीं, त्या स्तूपाच्या रुंद चौथऱ्याच्या आंत मूळचा पाया दडलेला आहे आणि त्यावर शिल्पांची एक संपूर्ण मालिका आहे. मनुष्याच्या बऱ्यावाईट कर्मांचीं फळें दाखविणारी ही मालिका इमारत खचूं नये म्हणून बांधणाऱ्यांनींच दगडांनीं झांकून टाकली असावी, असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. १८९० आणि १८९१ या दोन वर्षांत थोडथोडा भाग उघडावा, सेफासनें त्याचें चित्र घ्यावें आणि पुन्हां दगड जागच्या जागीं बसवावे, असा क्रम चालला, आणि १६० शिल्पपट्टांचीं छायाचित्रें तयार झालीं. आज आग्नेयेकडील कोपऱ्यांतील कांहीं पट्ट तेवढे उघडे आहेत. बाकीची मालिका जगास ठाऊक आहे ती सेफासच्या कांचांमुळें. कॅमेऱ्याचा याहून श्रेष्ठ उपयोग आम्हांस तरी सांगतां येणार नाहीं. जें झांकलेलें होतें तें त्यानें पुढच्या पिढ्यांस दाखविलें.

आतां तामान मिनीच्या जन्मकथेकडे वळूं. १९६५ च्या ऑक्टोबरांत सहा सेनापति आणि एक तरुण अधिकारी यांची हत्या झाली आणि त्यांचीं प्रेतें लुबांग बुवाया येथील एका विहिरींत टाकण्यांत आलीं. ही जागाही पूर्व जाकार्तांतच, आजच्या उद्यानापासून फार दूर नव्हे. त्यानंतर देशभर साम्यवादी ठरविलेल्यांची जी कत्तल झाली तींत किमानपक्षीं पांच लाख माणसें मेलीं, असा सामान्य अंदाज आहे. या रक्तपातांतून सुहार्तो यांची सत्ता उदयास आली. तिनें आपल्या राजवटीस 'नवी व्यवस्था' असें नांव दिलें, आणि स्थैर्य व विकास हे तिचे दोन मंत्र झाले. विहिरीपाशीं मृत सेनाधिकाऱ्यांचें स्मारक उभें राहिलें. त्या लाखों मृतांचें राष्ट्रीय स्मारक मात्र झालें नाहीं.

या पार्श्वभूमीवर १९७० सालीं राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी सिती हार्तिना, ज्यांस सर्व देश तिएन सुहार्तो म्हणून ओळखीत असे, त्यांनीं आपल्या 'हारापान किता' या संस्थेच्या सभेंत अशा उद्यानाची कल्पना मांडली. अमेरिकेंतील डिस्नेलँड आणि थायलंडमधील लघुदर्शनाचें उद्यान पाहून ही कल्पना त्यांस सुचली होती. १९७१ च्या अखेरीस ती योजना लोकांपुढें आली तेव्हां खर्चाचा आंकडा १,०५० कोटी रुपिया, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें अडीच कोटी डॉलर, असा सांगण्यांत आला. देश दरिद्री, परकीय कर्जावर चाललेला. शाळा अपुऱ्या, दवाखाने अपुरे. आणि शंभराहून अधिक हेक्टर जमीन घेऊन तींत खेळण्यांतला देश बसवावयाचा! विद्यार्थी रस्त्यावर आले. 'काटकसरीची चळवळ', 'शहाणपणाची चळवळ' अशीं नांवें त्यांनीं आपल्या मंडळांस दिलीं. जमीन ज्यांची जावयाची त्या रहिवाशांनींही मोबदला अपुरा असल्याची तक्रार केली आणि ते गरिबांस कायद्याचें साहाय्य देणाऱ्या संस्थेकडे गेले.

त्यावर १९७२ च्या जानेवारींत, एका रुग्णालयाच्या उद्घाटनप्रसंगीं, सुहार्तो यांनीं असें भाषण केलें कीं त्यानंतर कोणास संशय राहूं नये. उद्यानास विरोध म्हणजे आपल्या सत्तेस विरोध, आणि असा विरोध आपण सहन करणार नाहीं, हा त्याचा मतलब होता. थोड्याच दिवसांत अरीफ बुदिमान या तरुण लेखकास अटक झाली. इतर कांहीं टीकाकारही धरले गेले. बागेच्या प्रश्नावर कोणी तुरुंगांत जावें, हें ऐकून हंसूं येईल. परंतु त्या बागेचा खरा विषय फुलझाडें हा नव्हताच. देश म्हणजे काय आणि तो कोणीं सांगावयाचा, हा होता.

अरीफ बुदिमान यांच्याविषयीं येथें दोन शब्द अधिक लिहिणें जरूर आहे. १९४१ सालीं ते जन्मले तेव्हां त्यांचें नांव सो होक जिन असें होतें. ते चिनी वंशाचे. सत्तांतरानंतर चिनी वंशाच्या नागरिकांनीं इंडोनेशियन धर्तीचीं नांवें घ्यावीं असें सरकारनें सुचविलें, आणि असंख्य कुटुंबांप्रमाणें त्यांनींही नांव बदललें. १९६७ सालच्या एका सरकारी आज्ञेनें चिनी धर्माचार आणि सणसमारंभ घराच्या चार भिंतींआड करावे, सार्वजनिक जागीं करूं नयेत, असें ठरलें होतें. कित्येक शतकें त्या भूमींत राहिलेल्या या समाजास तामान मिनीच्या मूळ मांडणींत घर मिळालें नाहीं. जो मनुष्य या उद्यानाविरुद्ध बोलला म्हणून तुरुंगांत गेला त्याच्या पूर्वजांचें उद्यानांत चित्रच नव्हतें, हा योगायोग खरा. परंतु या दोन्ही गोष्टींच्या मुळाशीं एकच वृत्ति होती. चौकट ज्याच्या हातीं, चित्रांत कोण यावें हेंही त्याच्याच हातीं.

२० एप्रिल १९७५ रोजीं उद्यानाचें उद्घाटन झालें. त्याच्या रचनेचें सूत्र सरळ होतें : एक प्रांत, एक दालन. वरवर पाहतां यांत गैर कांहीं दिसत नाहीं. परंतु प्रांत ही राज्यकारभाराची सोय आहे; माणसांच्या चालीरीती तिच्या सीमा ओळखीत नाहींत. एकट्या उत्तर सुमात्रांत तोबा, कारो, सिमालुंगुन, नियास असे परस्परांहून भिन्न लोक आहेत. दालनाच्या हद्दींत घरें अनेक बांधतां आलीं, तरी पाटी एकच, आणि हळूहळू त्या पाटीखालचें तेंच त्या प्रांताचें 'खरें' रूप, असें पाहणाऱ्यांस, आणि पुढें पुढें खुद्द त्या लोकांसही, वाटूं लागलें. १९८० सालीं उघडलेल्या तेथील संग्रहालयांत प्रत्येक प्रांताच्या वधूवरांचे पुतळे लग्नाच्या पोशाखांत ओळीनें उभे केलेले आहेत. ज्या देशांत नुकतेंच भाऊ भावाच्या जिवावर उठले होते त्या देशाचें रूप एका अखंड लग्नसमारंभाचें दाखविण्यांत आलें. जॉन पेंबर्टन या अभ्यासकानें १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या जावाविषयक ग्रंथांत या उद्यानाचा विचार केला आहे. परंपरेचा गौरव हेंच राज्य चालविण्याचें साधन कसें होतें, तें त्यांत पाहावें.

चौकटीची ही गोष्ट पूर्व तिमोरच्या दालनांत तर अगदींच उघडी पडली. १९७५ च्या डिसेंबरांत इंडोनेशियाच्या सैन्यानें पोर्तुगीजांची ही जुनी वसाहत व्यापली आणि पुढील वर्षीं ती सत्ताविसावा प्रांत म्हणून जाहीर झाली. उद्यानांतही यथाकाल तिचें दालन उभें राहिलें. बाहेर डोंगरांत लढाई चालूं होती, दुष्काळ पडत होता, आणि आंत पाहुणे तिमोरच्या घरासमोर उभे राहून हंसऱ्या चेहऱ्यांनीं चित्रें काढून घेत होते. ३० ऑगस्ट १९९९ रोजीं तिमोरच्या लोकांनीं मतदान केलें आणि ७८ टक्क्यांहून अधिक मतें स्वातंत्र्याच्या बाजूनें पडलीं. २००२ सालीं तें स्वतंत्र राष्ट्र झालें. उद्यानांतील दालन मग संग्रहालय म्हणून ठेवण्यांत आलें. नकाशावरून प्रांत गेला, घर राहिलें. चित्रांतला मनुष्य उठून गेला आणि चौकट भिंतीवर लटकत राहिली.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग हें उद्यान म्हणजे निव्वळ सत्तेचा देखावा, तें पाहावें तरी कशाला? आमचें मत तसें नाहीं. मांडणारा एका हेतूनें मांडतो, पण वापरणारा आपल्या गरजेप्रमाणें वापरतो. जाकार्ता हें सर्व बेटांवरून पोटासाठीं आलेल्या लोकांचें शहर. मिनांगकाबाउ आईबापांचीं जाकार्तांत जन्मलेलीं मुलें आपल्या गांवची वळलेल्या छपरांचीं घरें प्रथम पाहतात तीं येथें. दालनांच्या मंडपांत रविवारीं मुलींचे नृत्यवर्ग भरतात, गामेलानचा सराव चालतो, एका प्रांताचे लोक जमून आपल्या बोलींत बोलतात. येथील छपराखालीं जी मुलगी नृत्य शिकली तिचें नृत्य खोटें नव्हे. घर हुबेहूब नक्कल असेल. त्यांत भेटणारीं माणसें नक्कल नव्हेत.

शिवाय चौकटही कायम राहिली नाहीं. मे १९९८ मध्यें सुहार्तो यांस सत्ता सोडावी लागली. २००० सालीं राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनीं १९६७ ची ती आज्ञा रद्द केली आणि चिनी नववर्ष पुन्हां उघड्यावर साजरें होऊं लागलें. उद्यानांत मशीद, ख्रिस्ती लोकांचीं दोन्ही पंथांचीं मंदिरें, बालीच्या धर्तीचें हिंदु देवालय आणि बौद्ध विहार हीं पहिल्यापासून एका ओळींत होतीं. २०१० सालीं त्या ओळींत कन्फ्यूशियसचें मंदिर उभें राहिलें, आणि चिनी संस्कृतीसाठीं निराळें उपवनही झालें. मूळचें दालनांचें गणितही कोलमडलें. १९९९ सालापासून नवे नवे प्रांत निर्माण होत गेले आणि २०२२ सालीं त्यांची संख्या ३८ झाली; नव्यांस जुन्यांइतकी ऐसपैस जागा कोठून मिळणार ! १९७७ सालापासून उद्यानाचा कारभार तिएन सुहार्तो यांच्या संस्थेकडे होता. त्या स्वतः १९९६ सालीं वारल्या होत्या. २०२१ सालीं राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेनें ४४ वर्षांनंतर तो सरकारनें आपल्या हातीं घेतला. पुढील वर्षीं उद्यानाची मोठी दुरुस्ती झाली आणि आंतील मोटारींची वर्दळ कमी करून विजेवर चालणाऱ्या गाड्या ठेवण्यांत आल्या. अरीफ बुदिमान हे २०२० सालीं निवर्तले. हा बदल पाहण्यास ते राहिले नाहींत.

तेव्हां कॅमेरा घेऊन या उद्यानांत जाणाऱ्या प्रवाशानें काय करावें? शिंगासारखीं छपरें अवश्य टिपावीं. तीं सुंदरच आहेत. पण सेफासचें स्मरण ठेवावें. जें समोर मांडलें आहे त्याचें चित्र कोणासही घेतां येतें. जें दगडांमागें आहे त्याच्यापर्यंत पोंचण्यास दगड हलवावे लागतात, आणि इतिहास वाचणें हें एक प्रकारें दगड हलविणेंच आहे. कन्फ्यूशियसच्या मंदिरासमोर उभें राहतांना तें तेथें येण्यास ३५ वर्षें कां लागलीं, हें ज्याला ठाऊक आहे त्याचें चित्र दुसऱ्याच्या चित्रासारखें दिसेल, परंतु तो तें निराळ्या मनानें घेईल. तिमोरच्या रिकाम्या दालनाविषयींही तसेंच म्हणतां येईल.

कोणतेंही राष्ट्र आपलें चित्र काढून घेतांना नीटनेटकें बसतें, चांगले कपडे घालतें, आणि घरांतील भांडण कॅमेऱ्यामागें ठेवतें. त्यांत राष्ट्रांस दोष देण्याजोगें फारसें नाहीं. कुटुंबेंही तसेंच करतात. दोष तेव्हां येतो, जेव्हां चित्रांत नसलेल्या माणसास 'तूं या घरचाच नव्हेस' असें सांगण्यांत येतें. तामान मिनीच्या अर्ध्या शतकाचा इतिहास म्हणजे अशा वगळलेल्या माणसांपैकीं कांहींनीं चित्रांत पुन्हां शिरण्याचा आणि कांहींनीं त्यांतून बाहेर पडण्याचा इतिहास आहे. या दोन्ही गोष्टी चित्र मांडणाऱ्यांच्या मनांत कधीं नव्हत्या. त्या लोकांनीं घडवून आणल्या. लुबांग बुवायाच्या विहिरीनंतर जे लाखों मेले त्यांस मात्र अजून कोणत्याच चौकटींत जागा मिळालेली नाहीं. त्या देशाचें चित्र पुरें झालें असें कोणी म्हणूं लागल्यास, तें अद्याप अपुरें आहे एवढें या मृतांकडे पाहून सांगतां येईल.